पेल्यातील कॅफीन, बाटलीतील कॅफीन
(उत्तेजक पेये : लेखांक चौथा)

दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या, की शिकवणीवर्गांच्या आसपासच्या टपऱ्यांवर आणि किराणा दुकानांच्या फ्रिजमध्ये लाल-निळ्या वेष्टनांच्या एनर्जी ड्रिंकच्या बाटल्या दर्शनी भागी येतात. आणि रात्री जागून अभ्यास करणाऱ्या मुलाने अशी एखादी बाटली दप्तरातून काढली असता त्याला हटकणाऱ्या वडिलांना, “बाबा, तुम्ही रोज कॉफी पिता, तिच्यात याहून जास्त कॅफीन असतं,” असे उत्तर ऐकून घ्यावे लागते. हे उत्तर उद्धटपणाचे म्हणून झिडकारण्याजोगे नाही. त्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच त्याची छाननी अधिक काळजीने व्हावयास हवी. गेल्या लेखांकात कॉफीच्या बीचा येमेनपासून चिकमगळूरच्या डोंगरांपर्यंतचा प्रवास आपण पाहिला. आता त्या बीतील मुख्य द्रव्याचा हिशेब मांडू.

जर्मन रसायनज्ञ फ्रीडलीब रुंगे याने महाकवी गटे याच्याकडून मिळालेल्या कॉफीच्या बियांतून १८१९ च्या सुमारास हे द्रव्य प्रथम वेगळे केले. पुढे १८२७ मध्ये चहातून निघालेले द्रव्य काही वर्षे निराळे मानले गेले, परंतु अखेर दोन्ही एकच असल्याचे सिद्ध झाले. आणि १८९५ मध्ये एमिल फिशर याने प्रयोगशाळेत कॅफीन घडवून दाखविल्यावर त्याची रेणुरचना निर्विवादपणे निश्चित झाली. तेव्हा बाटलीतले कॅफीन कारखान्यातले असो वा बियांतून काढलेले असो, पोटात गेल्यावर शरीर त्याची वंशावळ विचारीत नाही. दिवसभराच्या जागरणाने व श्रमाने मेंदूत अॅडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते आणि पेशींवरील ठरावीक जागा पटकावून थकव्याची वर्दी देते. कॅफीनची घडण त्याच्याशी इतकी मिळतीजुळती, की कचेरीत अंमलदाराच्या खुर्चीवर एखाद्या तिऱ्हाइताने ठाण मांडावे आणि खऱ्या अंमलदारास दाराबाहेर ताटकळत राहावे लागावे, तद्वत ते त्या जागा अडवून बसते आणि वर्दी पोहोचत नाही. श्रम मात्र जेथल्या तेथे असतात. निरोगी प्रौढाच्या शरीरातील कॅफीन निम्म्यावर येण्यास सरासरी ५ तास लागतात. म्हणजे रात्री १० वाजता पोटात गेलेल्या ७५ मिलिग्रॅमपैकी निम्मे पहाटे ३ वाजताही रक्तात फिरत असते, आणि दिवसा वाचलेले स्मरणात पक्के करण्याचे जे काम मेंदू झोपेत करतो, त्या झोपेवरच त्याचा घाला पडतो. परीक्षार्थ्याचे खरे नुकसान हेच होय, आणि ते पेला व बाटली या दोहोंनी सारखेच होते.

आता प्रमाण. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शिकेत १५० मिलिलिटर गाळीव कॉफीत ८० ते १२०, तेवढ्याच इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५ आणि चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असते असे नमूद केले असून, दिवसाकाठी ३०० मिलिग्रॅमची मर्यादा सांगितली आहे. दुसऱ्या बाजूस, आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनुसार कॅफीनयुक्त पेयात दर लिटरला किमान १४५ व कमाल ३०० मिलिग्रॅम कॅफीन असू शकते, म्हणजे २५० मिलिलिटरच्या बाटलीत फार तर ७५. गाळीव कॉफीपुरता मुलाचा युक्तिवाद येथवर टिकतो. अर्थात हा हिशेब भारतापुरता झाला. अमेरिकेत ४७३ मिलिलिटरच्या एकाच कॅनमध्ये १६० मिलिग्रॅम कॅफीन असलेली पेये सर्रास विकली जातात.

तथापि ‘कॉफी’ या एका नावाखाली किती निरनिराळी पेये येतात, याचा विचार त्या युक्तिवादात नाही. मराठी घरांतून पूर्वापार होत आलेली, दुधात उकळून वर जायफळ किसून घातलेली कॉफी आठवा : अर्धा चमचा, म्हणजे सुमारे एक ग्रॅम पूड, आणि तीही चिकोरीमिश्रित. चिकोरीच्या मुळात कॅफीन मुळीच नसते, आणि शुद्ध इन्स्टंट पुडीतही ते शेकडा तीनच्या आसपास असते. त्यामुळे अशा कपात ३० मिलिग्रॅमही भरत नाही. याउलट माटुंग्याच्या उडुपी हॉटेलात पितळी फिल्टरच्या वरच्या भांड्यात पूड दाबून, तीवर कढत पाणी ओतून, थेंबथेंब उतरलेले दाट डिकॉक्शन जो पितो, त्याच्या वाट्याला याच्या कितीतरी पट येते. आणि पुडीत अरेबिकाऐवजी रोबस्टा जातीच्या बिया अधिक असतील तर आणखीच, कारण अरेबिकात कॅफीन शेकडा सव्वाच्या आसपास, तर रोबस्टात दोनाहून अधिक असते. पेल्यावर यांतले काहीच लिहिलेले नसते. बाटलीवर आकडा छापलेला असतो, हा तिचा गुण मोकळेपणाने मान्य करावयास हवा.

निसर्गतः असलेले कॅफीन आणि बाहेरून मिसळलेले कॅफीन यांत भेद करावा काय, हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे आणि तो एकदा थेट न्यायासनापुढे गेला होता. ऑक्टोबर १९०९ मध्ये अमेरिकेच्या संघसरकारने टेनेसी राज्यातील चॅटनूगा येथे कोका-कोलाच्या पाकाची ४० मोठी व २० लहान पिंपे जप्त केली. या कारवाईमागे हार्वी वायली हे सरकारी रसायनविभागाचे प्रमुख होते. चहा-कॉफीत कॅफीन उपजत असते, मात्र मुलांच्या हाती पडणाऱ्या गोड पेयात ते बाहेरून घालणे ही भेसळच होय, असा त्यांचा आग्रह होता. १९११ मध्ये खटला उभा राहिला तेव्हा कंपनीने हॅरी हॉलिंगवर्थ या तरुण मानसशास्त्रज्ञाकडून सोळा व्यक्तींवर प्रयोग करविले. कोणत्या गोळीत कॅफीन आहे आणि कोणत्या गोळीत नाही, हे घेणाऱ्यास ठाऊक नसे. आणि पैसा प्रतिवादीचा असूनही ते प्रयोग इतक्या चोखपणे झाले, की आजही त्यांचा आदराने उल्लेख होतो. खालच्या न्यायालयाने सरकारची फिर्याद काढून टाकली, परंतु १९१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवून, पेयाच्या मूळ पाककृतीतच अंतर्भूत असलेले द्रव्यसुद्धा ‘मिसळलेले’ ठरू शकते असा निर्वाळा दिला. पुढे तडजोड होऊन कंपनीने कॅफीनचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आणले. वायलींचे रसायनशास्त्र या बाबतीत दुबळे होते, कारण रेणू एकच. परंतु पेय कोणाच्या हाती पडते याकडे बोट दाखविण्यात त्यांची दृष्टी चुकली नव्हती, असे माझे स्पष्ट मत आहे.

पेल्याशी तुलना करताना बाटलीत कॅफीनखेरीज आणखी काय आहे हेही पाहिले पाहिजे. एका जगप्रसिद्ध पेयाच्या २५० मिलिलिटरमध्ये सुमारे २७ ग्रॅम साखर असते, आणि टॉरीन, ब जीवनसत्त्वे इत्यादी द्रव्येही असतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात १८ निरोगी तरुणांना एकदा एनर्जी ड्रिंक आणि एकदा तेवढेच, म्हणजे ३२० मिलिग्रॅम कॅफीन असलेले साधे पेय देण्यात आले, तेव्हा दोन तासांनी काढलेल्या हृदयाच्या आलेखात, हृदय पुढच्या ठोक्यासाठी विद्युत्-दृष्ट्या पुन्हा सज्ज होण्याशी निगडित असलेला एक कालावधी पहिल्या पेयाने किंचित लांबल्याचे आढळले. माणसे थोडी आणि मात्रा मोठी, म्हणून यावरून भयभीत होण्याचे कारण नाही. परंतु ज्याच्या घराण्यात हृदयविकाराने अकाली मृत्यू झालेले आहेत, त्याने या पेयांपासून दूर राहावे, एवढे सांगण्यास हा पुरावा मला पुरेसा वाटतो. शिवाय कढत कॉफी घोट घोट प्यावी लागते, दोन पेल्यांनंतर तिची कडूच चव पुढचा पेला नको म्हणते. थंडगार गोड पेयाला असा आडकाठीचा गुण नाही, आणि तहानेने ते घटाघटा रिचविले जाते.

युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये निरोगी प्रौढांसाठी एका वेळी २०० आणि दिवसभरात ४०० मिलिग्रॅम, गर्भवतीसाठी दिवसाला २०० आणि मुलांसाठी शरीराच्या दर किलो वजनामागे ३ मिलिग्रॅम अशी मर्यादा सांगितली. तीस किलो वजनाच्या सहावी-सातवीतल्या मुलाला हा हिशेब लावून पाहा : त्याची मर्यादा ९० मिलिग्रॅमची, एका बाटलीत ७५ गेले, आणि सकाळ-संध्याकाळचा चहा अजून मोजलेलाच नाही. वडिलांना जी कॉफी सहज सोसते, तिच्याहून कमी कॅफीनची बाटली मुलाला जड जाते ती या वजनामुळे. लिथुएनियाने २०१४ मध्ये आणि पोलंडने २०२४ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना या पेयांची विक्री कायद्याने बंद केली. आपल्याकडेही जुलै २०२४ मध्ये शाळांपासून ५०० मीटरच्या परिसरात अति-कॅफीनयुक्त पेयांच्या विक्रीस मनाई करण्याचे विधान परिषदेत जाहीर झाले. त्या घोषणेचा अंमल काटेकोर व्हावा, अशी माझी कळकळीची मागणी आहे. दरम्यान पालकांनी बाटली हाती घेऊन उलटी फिरवावी : मुलांनी, गर्भवती व स्तनदा मातांनी आणि कॅफीन न सोसणाऱ्यांनी हे पेय घेऊ नये, ही सूचना कंपनीनेच तेथे बारीक टाइपात छापलेली असते. ती मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यावी आणि मग त्याच्याबरोबर बसून, आपल्या कॉफीसकट, घरातल्या प्रत्येकाचा दिवसाचा हिशेब कागदावर मांडावा.

(पुढील लेखांकात : चहातील टॅनिन आणि लोहाचे शोषण)