थंडी, रोही आणि राखण

राजूरच्या शिवारात पौषातला दिवस मावळला की पारावर एकच विषय निघतो: आज राखणीला कोण जाणार? हरभऱ्याला घाटे लागलेले असतात, ज्वारीत दाणा भरत असतो आणि रोह्यांचा (नीलगायींचा) कळप कुणाच्या बांधावर दिसला ही बातमी अंधार पडायच्या आत गावभर झालेली असते. भोकरदन तालुक्यातलं हे गाव बाहेरच्यांना माहीत आहे ते राजुरेश्वर गणपतीमुळे. संकष्टीला मंदिरापुढे रांग लागते. चंद्र उगवायला साडेआठ-नऊ वाजतात, तोवर शिवार मिट्ट काळोखात. रानडुकरांना तेवढी सवड पुरते.

एका ओट्यावर काका-पुतण्याचं बोलणं चाललेलं. पुतण्या मफलर गुंडाळून, बॅटरी घेऊन तयार. काकांची नजर मात्र आभाळाकडे. ढग असले तर रात्र त्यातल्या त्यात उबदार जाते. आभाळ निवळ आणि वारा पडलेला असला की पहाटे बोटं वळत नाहीत.

"वारा पडलाय. आज लई गारठा पडणार."

"मग जायचं नाही का?"

"सकाळी माग कुठवर होता, ते आधी सांग."

खरा निर्णय इथे होतो. डुकरानं उकरलेली माती ओली आहे की वाळून पांढरी पडली, खुरांची रांग पिकात वळली की बांधावरून सरळ गेली, हे सकाळीच बघून ठेवलेलं असतं. रोही ठरावीक जागी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकतो. ढिगावर वरच्या लेंड्या ताज्या असतील, तर कळपाची ये-जा चालू आहे असं समजायचं. दोनशे किलोच्या पुढे जाणारा नर आणि त्याच्यासोबतचा कळप एका रात्रीत वावराची काय दशा करतो, हे ज्यानं पाहिलंय त्याला घरात झोप लागत नाही.

हवामान खात्याच्या निकषानुसार मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी झालं, की थंडीची लाट. अशा लाटेत परभणीचा पारा ५ अंशांच्याही खाली गेलेला आहे. राखणदाराला मात्र आकड्यापेक्षा ओल छळते. हरभऱ्यातून दोन फेऱ्या मारल्या की दव आणि पानांवरची आंब यांनी पँट गुडघ्यापर्यंत भिजते. चालताना काही वाटत नाही. माळ्यावर निश्चल बसलं की तीच ओल हाडांत शिरते. उघड्यावर शेकोटी ठीक. खोपीचं दार लावून आत निखारे ठेवणं जिवावर बेतू शकतं; कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्याला काही कळतच नाही. त्यात घोणस. थंडीचे महिने तिच्या मिलनाचे, त्यामुळे थंडीत साप नसतात ही समजूत बांधावर उपयोगाची नाही.

ओट्यावर कुणीतरी म्हणतोच, "एकदाची बंदूकच आणा." १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे. उभ्या पिकाला धोका असेल तर कलम ११ खाली परवानगी मिळू शकते, पण ती लेखी हवी, सक्षम अधिकाऱ्याची हवी. कलम ३९ प्रमाणे मारलेलं जनावर सरकारजमा. त्याच्या मटणाची स्वप्नं पाहणाऱ्यांनी हे आधी ऐकून घ्यावं. २०१६ साली बिहारमध्ये मोकामा भागात हैदराबादचे नेमबाज बोलावून दोनशेहून अधिक रोही मारण्यात आले, तेव्हा केंद्रातले दोन मंत्री, प्रकाश जावडेकर आणि मेनका गांधी, उघडपणे एकमेकांविरुद्ध उभे राहिले. उघड्या शिवारात तर चुकलेल्या गोळीला अडवायला काही नसतं आणि पलीकडच्या वावरात दुसरा कुणीतरी राखणीलाच बसलेला असतो. थंडीनं बधिर झालेल्या बोटांनी अंधारात नेम धरण्याला शौर्य म्हणणं कठीण आहे.

मोटारीच्या लाइनची उघडी तार कुंपणाला जोडणं त्याहून वाईट. ती जनावर आणि पाणी द्यायला निघालेला शेजारी यांत फरक करत नाही. सौर झटका मशीनचा धक्का क्षणिक असतो, म्हणून तो चालतो. मात्र तारेला गवत टेकलं की त्याचाही जोर उतरतो.

काकांनी शेवटी ठरवलं ते असं: ओढ्याकडच्या तुकड्यात माती ताजी उकरलेली, तिथे जायचं, पण शेजारच्या वावरवाल्याला सोबत घेऊन. वरच्या रानातला माग जुना, ते आजच्या रात्री देवाच्या भरवशावर. कोरडी पँट पिशवीत, घुंगराची काठी हातात. पुतण्याला ते पटलं नाही. त्याला दोन्हीकडे फेरी मारायची होती. थंडीच्या लाटेत मात्र काकांचंच बरोबर.

नुकसान झालंच तर वावर नीट करायच्या आधी खुरांचे आणि खाल्लेल्या पिकाचे फोटो काढा आणि तीन दिवसांच्या आत वन विभागाकडे भरपाईचा अर्ज द्या. वन विभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे.