चालक-साहाय्यक यंत्रणा, विद्युत् मोटारगाडीतील
वेग, पुढील वाहनापासूनचे अंतर व मार्गिकेतील स्थान राखण्यास चालकाला मदत करणारी यंत्रणा. कॅमेरे, संगणक व आज्ञावली हे तिचे मुख्य घटक होत. आज्ञावली बिनतारी मार्गाने बदलता येते. कॅमेरे व संगणक मात्र बहुधा मूळचेच राहतात. त्यामुळे घटमाला व चलित्र सुस्थितीत असूनही गाडी कालबाह्य वाटू लागते.

पूर्ण स्वयंचालनास पुरेशी सामग्री आपल्या सर्व नव्या गाड्यांत असल्याचे अमेरिकेतील टेस्ला कंपनीने २०१६ मध्ये जाहीर केले. तथापि २०१९ मध्ये तिसऱ्या व २०२३ मध्ये चौथ्या पिढीचा संगणक आला. स्वयंचालनाची सुविधा आगाऊ विकत घेतलेल्यांच्या गाड्यांतील तिसऱ्या पिढीचा संगणकही बदलावा लागेल, हे कंपनीचे प्रमुख ईलॉन मस्क यांनी जानेवारी २०२५ मध्ये मान्य केले.

एसएई या अभियंता-संस्थेने स्वयंचालनाच्या ० ते ५ अशा पातळ्या ठरविल्या आहेत. दुसऱ्या पातळीपर्यंत रस्त्यावर लक्ष ठेवण्याची जबाबदारी चालकाचीच असते. पिढी बदलली तरी पातळी बदलतेच असे नाही. म्हणून गाडी बदलण्यापूर्वी जुन्या गाडीत नवा संगणक बसविता येतो काय, हे प्रथम पाहावे; तसेच नव्या यंत्रणेचे मोल भावी आश्वासनांवरून न ठरविता तिच्या आजच्या प्रत्यक्ष कार्यावरून ठरविणे इष्ट होय.