चाकांवरचा पांढरा गंज

रमजान ईदच्या दोन दिवस आधी गाडी धुताना धाकट्याने विचारलं, "अम्मी, चाकाला बुरशी लागते का?" मी हसण्यावारी नेलं. पण वाकून पाहिलं तर पुढच्या डाव्या चाकावर, वरच्या पारदर्शक थराखाली, केसासारख्या बारीक पांढऱ्या रेषा वळत वळत गेल्या होत्या. नखाने खरवडून पाहिलं, वरचा थर गुळगुळीतच लागला. गाडी घेऊन जेमतेम सतरा महिने झाले होते.

बुरोंडीत लोखंड टिकत नाही हे आम्हाला कुणी शिकवायला नको. खिडकीचे गज, फाटकाच्या बिजागऱ्या, विहिरीवरचा पंप, सगळ्यांना समुद्राचा वारा खातो. म्हणूनच अलॉय चाकांची गाडी घेताना दिरांनी कुवेतहून फोनवर सांगितलं होतं, "भाभी, ते अ‍ॅल्युमिनियम आहे, गंजणार नाही." हे अर्धंच खरं निघालं.

अलॉय चाक म्हणजे मुख्यतः अ‍ॅल्युमिनियम, त्यात थोडं सिलिकॉन. अ‍ॅल्युमिनियमचा हवेशी संबंध आला की त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा धरतो आणि तोच खालच्या धातूला जपतो. लोखंडाच्या गंजासारखा तो सुटून पडत नाही. पण मिठातला क्लोराइड हा पापुद्रा जागोजागी फोडतो. रंगाला किंवा लॅकरला कुठे टवका गेला असेल, कडेला थर पातळ राहिला असेल, तिथून ओल आणि मीठ आत शिरतं आणि थराखालीच रेषा काढत पुढे सरकतं. या धाग्यांसारख्या गंजाला फिलिफॉर्म करोजन म्हणतात. त्याला दमट हवा मानवते, आणि ती आमच्याकडे फुकट मिळते.

आणखी एक कारण मला बंदरावरच्या एका तांडेलने समजावलं. यांत्रिक होडीच्या पंख्याजवळ जस्ताच्या वड्या बसवतात. खाऱ्या पाण्यात दोन धातू एकमेकांना चिकटून असले की त्यातला एक आधी झिजतो. तिथे जस्त झिजतं आणि बाकीचं वाचतं. चाकावर बॅलन्सिंगसाठी लोखंडी वजनं ठोकली की झिजण्याची पाळी अ‍ॅल्युमिनियमची. माझ्या एका चाकाला अशा वजनाखालीच पांढरी पूड धरली होती.

हा केवळ शोभेचा प्रश्न नाही. टायर जिथे रिमवर बसतो तिथे ही पांढरी पूड साचली की हवा हळूहळू सुटते. दापोलीच्या पंक्चरवाल्या चाचांनी सांगितलं की, पंक्चर सापडत नाही आणि हवा मात्र दर आठवड्याला कमी होते, अशी गाडी किनाऱ्यावरच्या गावातली असली तर ते आधी रिमची कड पाहतात.

वॉरंटीची पुस्तिका घरी होती, कुणी उघडली नव्हती. मी भाषा शिकवते, इंजिनाचं मला काही कळत नाही. पण पुस्तिका म्हणजे शेवटी भाषाच. एका पानावर लिहिलं होतं की साहित्यात किंवा बनावटीत दोष असेल तर भाग बदलून मिळेल. चार पानांनंतर बारीक अक्षरात होतं की मीठ, समुद्री हवा, रसायनं, पक्ष्यांची विष्ठा अशा बाहेरच्या कारणांनी झालेलं नुकसान यात येत नाही. आता किनाऱ्यावरच्या माणसाने काय करायचं? गंज दिसला की पुढचा माणस दुसऱ्या वाक्यावर बोट ठेवणार. तेव्हा 'मीठ लागलं का' यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता, ते लागणारच. मीठ आत शिरायला वाट कुठून मिळाली, हा खरा प्रश्न होता. दगडाने टवका उडाला असेल तर दोष आपला किंवा रस्त्याचा. थर शाबूत असून कडेपासूनच रेषा सुरू झाल्या असतील तर तो थर नीट बसलाच नव्हता, असं म्हणायला जागा उरते.

सर्व्हिस सेंटर दोन तासांवर. तिथल्या तरुणाने चाकं पाहिली आणि विचारलं, "मॅडम, गाडी बीचवर नेली होती का?" मग स्वतःच हळूच म्हणाला, "नाही म्हणा, तेच बरं." इथे माझी जीभ अडखळली. दिवाळीच्या सुट्टीत भाच्याने गाडी लाडघरच्या वाळूत घातली होती आणि चाकं दुसऱ्या दिवशी धुतली गेली होती. एका चाकाची किंमत माझ्या पगाराला चांगलीच खिंडार पाडणारी. पण शेजारी धाकटा उभा होता, आणि बीचवर गाडीत तोही होता. मी म्हणाले, "एकदा नेली होती. लिहा जॉब कार्डवर."

तोंडी नकार तिथल्या तिथे मिळाला. तो मी लेखी मागितला, तेव्हा "कंपनीला विचारतो" इथवर गाडी आली. घरी येऊन प्रत्येक चाकाचे जवळून फोटो काढले आणि ई-मेलमध्ये एकच मुद्दा मांडला: वाळूत चारही चाकं सारखीच गेली, मग चौथं चाक स्वच्छ कसं? दोन चाकांवर टवका नाही, तरी रेषा कडेपासून निघाल्या आहेत. खरं सांगितलं नसतं तर हा मुद्दा मला मांडताच आला नसता.

पाच आठवड्यांनी उत्तर आलं. दोन चाकं बदलून मिळाली, अल्हम्दुलिल्लाह. तिसरं नाकारलं. ते आमच्या ह्यांनी बाजारात कठड्याला घासलं होतं, आणि वजनाखालची पूड त्याच चाकावर होती. त्यावर मी भांडले नाही.

कंपनी बधली नसती तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करणार होते. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला, त्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे, म्हणजे आमच्यासाठी रत्नागिरीला, तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस कुठेही असो. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. पाच ते दहा लाखांच्या वस्तूसाठी फी २०० रुपये. दोष उघड्या डोळ्यांना ठरवता येत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. म्हणून दाखवण्याआधी चाक घासू नका, पॉलिश तर मुळीच नको, पुरावाच पुसला जातो. आणि बाजारातून हौसेने बसवून घेतलेली चाकं गाडीच्या वॉरंटीत येत नाहीत, त्यांची पावती वेगळी जपावी लागते.

आता दर जुम्म्याला असरनंतर धाकटा चाकांवर साधं गोडं पाणी मारतो, आतल्या बाजूनेही. मासळीच्या टेम्पोमागून आलो असू तर त्याच दिवशी, कारण त्यातून रस्त्यावर गळणारं पाणीही खारंच. बाटलीतलं अ‍ॅसिड बंद केलं, ते लॅकरच खातं. भाच्याला वाळूबद्दल अजून कुणी काही बोललेलं नाही. दिवाळीत तो येईल तेव्हा गाडीची किल्ली माझ्या पर्समध्ये असेल.