टेलला न पोचणारा प्राणवायू

भंडारदऱ्याचं विल्सन धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं. तेव्हापासून प्रवरेच्या कालव्यांनी अहिल्यानगर जिल्ह्यातली शेती भिजते आहे. आवर्तन सुटलं की तोंडाकडची शेतं आधी भिजतात, कालव्याच्या शेवटचा, म्हणजे टेलचा, शेतकरी वाट पाहत राहतो. धरणात पाणी असतं, पण कालव्यातला जोर कमी पडला की पहिलं पीक वाळतं ते टेलचंच. काचबिंदूत ‘डोळ्याची नस सुकली’ असं डॉक्टर सांगतात, तेव्हा आत असंच काहीसं घडलेलं असतं.

ही नस म्हणजे दृष्टिपटलाकडून मेंदूकडे जाणाऱ्या सुमारे दहा ते बारा लाख तंतूंची जुडी. डोळ्याच्या मागच्या भिंतीत एक बारीक जाळी असते. सगळे तंतू वळून तिच्यातूनच बाहेर पडतात. जाळीपर्यंतच्या तंतूंवर मायलिनचं आवरण नसतं. त्यामुळे संदेश पुढे ढकलायला त्यांना जास्त ऊर्जा लागते, आणि ऊर्जेसाठी प्राणवायू. तो आणतात केसाहून बारीक रक्तवाहिन्या.

इथे दोन दाबांची ओढाताण असते. रक्तदाब रक्त आत ढकलतो. डोळ्यातल्या द्रवाचा दाब त्याला विरोध करतो. डोळ्याचा दाब वाढला की जाळी मागे वाकते, तिच्यातले तंतू आणि रक्तवाहिन्या दोन्ही चेपतात. उलट, डोळ्याचा दाब नेहमीसारखाच असला, पण झोपेत रक्तदाब फार उतरला, तरीही पुरवठा आटू शकतो. दाब ‘नॉर्मल’ असूनही काहींना काचबिंदू होतो, त्यामागचं हे एक कारण मानलं जातं.

प्राणवायू कमी पडला की पेशीतली ऊर्जा घटते आणि क्षार आत-बाहेर करणारे पंप मंदावतात. आत कॅल्शियम साचतं, घातक रेणू वाढतात, शेजारच्या आधारपेशी सूज वाढवतात. शेवटी तंतू मरतो. प्राणवायूची टंचाई ओळखून पेशीत ‘एचआयएफ-१ अल्फा’ नावाचं प्रथिन वाढतं. पेशी ही टंचाई कशी ओळखतात, या शोधाला २०१९ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. त्याआधी, २००४ मध्ये, काचबिंदू असलेल्या माणसांच्या मरणोत्तर दान केलेल्या डोळ्यांत, दृष्टिपटलावर आणि नसेच्या मुखाशी, हेच प्रथिन वाढलेलं आढळलं होतं. म्हणजे तिथल्या पेशी प्राणवायूसाठी तगमगत होत्या. ही टंचाई आजाराचं मूळ कारण आहे की तंतू चेपल्याचा परिणाम, यावर अजून वाद आहे. बहुधा दोन्ही एकमेकांना खतपाणी घालतात.

उपाय मात्र आज हाताशी आहे. नेहमीच्या दाबातही काचबिंदू झालेल्या रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. डोळ्याचा दाब सुमारे ३० टक्क्यांनी उतरवलेल्या डोळ्यांपैकी १२ टक्क्यांत आजार वाढला. उपचार न केलेल्यांत ३५ टक्क्यांत. विरोध कमी केला की टेलपर्यंत पाणी पोचायला वाव मिळतो.

अडचण अशी की हा आजार बहुतेकदा दुखत नाही. आधी कडेची नजर जाते, समोरचं स्वच्छ दिसत राहतं. गावोगावी ‘मोतीबिंदू असेल, पिकू दे’ म्हणून थांबणारे अनेक आहेत. मोतीबिंदूनं गेलेली नजर शस्त्रक्रियेनं परत येते. काचबिंदूत गेलेली येत नाही.

म्हणून चाळिशीनंतर डोळ्याच्या दाबाबरोबरच बाहुली मोठी करून नसेचीही तपासणी करून घ्या. घरात कुणाला काचबिंदू असेल तर त्याआधीच. रक्तदाबाच्या गोळ्या मनानं बंद करू नका, पण त्या कधी घेता हे डोळ्यांच्या डॉक्टरांना जरूर सांगा. स्टेरॉइडचे थेंब परस्पर दुकानातून आणून टाकू नका. त्यांनी डोळ्याचा दाब वाढू शकतो. वाळलेलं पीक पुढच्या हंगामात पुन्हा पेरता येतं. सुकलेली नस पुन्हा हिरवी होत नाही.