संशोधकाचं मन आणि आमची जबाबदारी



मागच्या व्याख्यानानंतर एका विद्यार्थिनीने विचारलं होतं, "सर, पीएच.डी. करताना मन खचतं, ते आमच्यातच काही कमी असतं म्हणून का?" तेव्हा वेळ संपत आली होती आणि आम्ही "धीर धर" म्हणून मोकळे झालो. ते उत्तर नव्हतं. आज नीट देऊ या.

बेल्जियममध्ये फ्लँडर्स भागातल्या 3,659 पीएच.डी. विद्यार्थ्यांचा एक अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या सुमारे 32 टक्के जणांना मानसिक विकाराचा धोका आढळला. तितक्याच शिकलेल्या इतर लोकांच्या मानाने हे प्रमाण दुपटीहून जास्त होतं. आणि हा त्रास कशाशी निगडित दिसला? कामाचा बोजा, कामावर स्वतःचा ताबा किती, घर आणि काम यांची ओढाताण, गाइडची वागण्याची रीत. म्हणजे प्रश्न एकट्या माणसाचा नाही, व्यवस्थेचाही आहे.

आता आपल्याकडे पाहा. एम.ए.पर्यंत दर सहा महिन्यांनी गुण मिळतात, आपण कुठे आहोत ते कळतं. पीएच.डी.ला बसलं की ते थांबतं. उत्तरपत्रिका नाही, कारण उत्तर कुणालाच ठाऊक नाही. वर प्रत्येक लग्नात कुणीतरी विचारतंच, "काय, संपलं का तुझं?"

त्यात सगळ्या किल्ल्या एकाच माणसाच्या हातात. प्रगती अहवालावर सही गाइडची, फेलोशिपच्या कागदावर सही गाइडची. यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार विद्यार्थ्याला दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे जायचं असतं. सोय चांगली आहे. पण त्या समितीचा निमंत्रकही गाइडच! मग गाइडबद्दलच अडचण असेल तर मुलाने बोलावं कुणाशी?

आमचीच गोष्ट सांगतो. आमचा एक विद्यार्थी चार महिने फिरकला नाही. आम्ही मनात "आळशी" असा शिक्का मारून ठेवला. पुढे तो भेटला तेव्हा म्हणाला, "सर, मी तीनदा विभागाच्या जिन्यापर्यंत आलो होतो. तुमच्या खोलीत दिवा दिसला आणि परत फिरलो." लिहून काही झालं नव्हतं, आणि आम्ही पहिला प्रश्न प्रकरणाचाच विचारणार हे त्याला माहीत होतं. त्याने प्रबंध सोडला. आम्ही एकदा फोन केला असता तर? हा प्रश्न आम्हाला अजून सोडत नाही.

आयुष्यभर आम्ही संशय घ्यायला शिकवलं. देकार्तने 1641 च्या आपल्या ग्रंथात सगळ्यावर संशय घेतला. पण सुरुवातीलाच तो काय सांगतो? मन चिंतामुक्त केलं आहे, निवांतपणा मिळवला आहे, आणि आपण शेकोटीजवळ बसलो आहोत. पायाखाली जमीन घट्ट असेल तरच माणूस विचारांवर संशय घेऊ शकतो. ज्याची फेलोशिप महिनोन्‌महिने अडकली आहे, खोलीचं भाडं थकलं आहे, त्याचा संशय युक्तिवादावरून घसरतो आणि स्वतःवर येऊन बसतो. "माझं प्रकरण चुकलं" याचं "मीच चुकलो" होतं. हा फरक जपणं म्हणजेच आधार देणं.

तो जपायचा कसा? पंधरा दिवसांतून एक वार ठरवावा आणि लिहिलेलं नसलं तरी भेटावं. विभागात गाइडखेरीज आणखी एक प्राध्यापक असा असावा, ज्याच्याशी मोकळेपणाने बोलता येईल. फेलोशिप महिन्याच्या महिन्याला मिळावी. ती मेहेरबानी नव्हे. आणि गाइडांनो, आपले नाकारले गेलेले लेखही मुलांना दाखवा. आमचे बरेच आहेत!

एक मात्र स्पष्ट सांगतो. झोप उडाली, जेवण तुटलं, कशातच मन लागेना आणि असे दोन आठवडे गेले, तर उपदेश करू नका, डॉक्टरकडे न्या. मरणाचे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नका. टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.

तर त्या मुलीला आमचं उत्तर: तुझ्यात कमी काही नाही, बाळ. कमी आमच्याकडून झालं. जिन्यापर्यंत आलीस तर वर ये. लिहिलेलं नसलं तरी चालेल.