जुने घर घेताना आधी पाहणी, मग इसार

भिलाई पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. पुढे कारखान्याभोवती वस्त्या वाढत गेल्या. त्यांतील जुने घर निवृत्तीच्या पुंजीतून घेऊ इच्छिणाऱ्या ग्राहकाने रंगावर भुलू नये.

वर्षानुवर्षे हवेतील कर्बवायू काँक्रीटमध्ये मुरला की सळईचे संरक्षण संपते. ओल मिळताच ती गंजून फुगते आणि छताचे पोपडे सुटतात. छत्तीसगडच्या मैदानातील ‘कन्हार’ ही काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया उथळ असल्यास भिंतींना तिरक्या भेगा पडतात. नवा रंग हे सारे झाकतो. म्हणून शक्यतो पावसाळ्यात, अनुभवी स्थापत्य अभियंत्यासह पाहणी करावी.

बँकेचा मूल्यांकनकार मुख्यतः तारणाचे मूल्य ठरवतो. ती घराची संपूर्ण तपासणी नव्हे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, विक्रेत्यास ठाऊक असलेला परंतु खरेदीदारास सामान्य दक्षतेने न उमगणारा महत्त्वाचा दोष सांगणे, विरुद्ध करार नसल्यास, विक्रेत्यावर बंधनकारक आहे. सहज दिसणाऱ्या दोषाबाबत मात्र ही तरतूद मदतीस येत नाही.

तेव्हा दुरुस्तीचा अंदाज आधी घ्यावा, किंमत त्यानुसार ठरवावी आणि मगच इसार द्यावा.