पूर ओसरला, गावातली नाव कुठे ठेवली? हिवाळ्यात सांभाळली तरच जुलैत कामी येईल

अकोला/अमरावती : पूर्णा, काटेपूर्णा, मोर्णा, वर्धा या नद्यांच्या काठावरील गावांना पावसाळ्यात नावेची आठवण बरोबर येते. दिवाळी झाली, नाले आटले, लोक कापूस वेचायला अन् तुरीच्या कामाला लागले, की ती कुठे पडून आहे हे कुणी विचारत नाही. कुठे ती शाळेच्या भिंतीला टेकवलेली असते, कुठे नदीकाठी बाभळीखाली तशीच सोडलेली, तर कुठे रबरी बोट घडी करून खताच्या पोत्यांजवळ कोंबलेली. मग जुलैत एखाद्या रात्री पाणी चढतं. चार-सहा जण नाव ओढत नेतात आणि पाण्यात टाकल्याबरोबर फटीतून धार लागते. मशीनची बोट असली तर दोरी ओढून ओढून हात दुखून येतो, मशीन काही सुरू होत नाही.

वरुड तालुक्यात झुंज येथे १४ सप्टेंबर २०२१ रोजी वर्धा नदीत नाव उलटून ११ जणांचा जीव गेला. नावेत किती माणसं बसवायची हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण नाव गळकी असेल तर तो हिशेबही चुकतो. पंधरा लिटरची एक बादली पाणी म्हणजे पंधरा किलो. तळाशी दहा बादल्या पाणी साचलं म्हणजे दीडशे किलो, म्हणजे दोन-अडीच माणसं न बसताच बसली. शिवाय हे पाणी एका जागी राहत नाही. नाव कलली की तेही त्याच बाजूला धावतं अन् नावेला आणखी कलवतं.

थंड देशांत लोक हिवाळ्यात नावा बाहेर काढून झाकतात, कारण तिथे पाणी गोठतं, गोठताना फुगतं आणि फटी व इंजिन फोडतं. वऱ्हाडात तो प्रकार नाही. इथे नाव खराब होते ती कोरडी हवा, ऊन, उधई, उंदीर आणि खाऱ्या पाण्यामुळे. महान किंवा अप्पर वर्धा धरणावर मासेमारी करणाऱ्यांच्या नावा हिवाळ्यातही पाण्यात असतात, त्यांची देखभाल रोजच होते. खरा प्रश्न आहे तो पुरासाठी ठेवलेल्या नावांचा आणि छोट्या पाझर तलावांवरच्या डोंग्यांचा. त्या सहा-सात महिने बेवारस पडून असतात.

लाकडी नाव : सावली आणि ओल

लाकूड पाण्यात फुगतं आणि फळ्या एकमेकींना घट्ट बसतात. नाव बाहेर काढली की लाकूड आकसतं, फळ्यांमध्ये फट पडते. जानेवारीच्या कोरड्या हवेतच याला सुरुवात होते. एप्रिल-मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांवर गेला की फळीच उभी चिरते. फट पुन्हा भरून येते, चिरलेली फळी येत नाही. म्हणून लाकडी नाव उन्हात ठेवायचीच नाही.

तलावात वर्षभर पाणी राहत असेल तर सोपा उपाय म्हणजे नाव उथळ पाण्यात दगड टाकून पूर्ण बुडवून ठेवणे. पाहणाऱ्याला हे उलटं वाटतं, पण पूर्ण बुडालेलं लाकूड लवकर सडत नाही, कारण सडवणाऱ्या बुरशीला हवा मिळत नाही. सडतं ते अर्धं पाण्यात, अर्धं बाहेर असलेलं लाकूड, तेही नेमकं पाण्याच्या रेघेवर. त्यामुळे बुडवायची तर पूर्ण बुडवा आणि पाणी उतरेल तशी आत सरकवत राहा. हे जमणार नसेल तर सरळ बाहेर काढा.

बाहेर काढलेली नाव धुऊन, गाळ खरवडून आधी सावलीत वाळू द्या. मग ती उलटी करून ठेवा, पण थेट जमिनीवर नाही. जमिनीला टेकलेल्या लाकडाला उधई लागायला वेळ लागत नाही, आणि ती आतून खाते, वरून काही दिसत नाही. दगड किंवा विटांच्या तीन-चार थरांवर आडवी लाकडं टाका आणि त्यावर नाव ठेवा. काळ्या मातीत आणखी एक भानगड आहे. पाऊस गेला की ही माती आकसते, भेगा पडतात, जमीन खाली-वर होते. एका बाजूचा टेकू खचला की नावेला पीळ बसतो. म्हणून महिन्यातून एकदा टेकू पाहावे लागतात. मुरमाची किंवा सिमेंटची जागा मिळाली तर उत्तम.

ताडपत्री टाकताना ती नावेला चिकटवून गुंडाळू नये. आतली ओल अडकते आणि लाकूड कुजतं. वर पऱ्हाटी किंवा तुराट्यांचा मांडव करून सावली केली तरी चालते, हवा खेळती राहते. फक्त तो पेटणार नाही अशा जागी असावा.

फटी बुजवायच्या त्या उन्हाळ्याच्या शेवटी. कापसाची वात डांबरात भिजवून फटीत ठासतात. त्यासाठी चांगला लांब धाग्याचा कापूस घ्यावा, कवडी नको. वात फार ठासली तर लाकूड फुगल्यावर फळी बाहेर ढकलली जाते, म्हणून हात बेतानेच चालवावा लागतो.

पत्रा आणि फायबर

पत्र्याच्या नावेचा शत्रू गंज. तळाशी चिखल वाळून बसलेला असतो, त्याखाली ओल टिकते आणि तिथेच भोक पडतं. चिखल काढून, गंज ब्रशने घासून, रेड ऑक्साइड लावून मग रंग द्यावा. भोक शोधायला एक सोपी युक्ती आहे. रात्री नाव उलटी असताना एकाने खाली मोबाइलची बॅटरी लावून धरायची आणि दुसऱ्याने वरून पाहायचं. सुईएवढं भोकही चमकतं. ते खडूने खुणावून ठेवायचं आणि सकाळी वेल्डिंगला न्यायचं.

फायबरची नाव सडत नाही, म्हणून तिच्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. उन्हाने तिचा वरचा थर उडतो, हात लावला तर पांढरी भुकटी लागते. असं झालं की पाणी आतल्या धाग्यांपर्यंत पोचू लागतं. तिलाही सावली हवी आणि तीही उलटीच ठेवायला हवी. सुलटी ठेवली तर अवकाळी पाऊस तिच्यात साचतो. दहा फूट लांब, चार फूट रुंद नावेत चार बोटं पाणी साचलं तरी अडीच-तीनशे किलो वजन झालं, ते तिला वाकवायला पुरेसं आहे. सुलटीच ठेवणं भाग असेल तर तळाचं बूच काढून ठेवा आणि ते बूच नावेलाच दोरीने बांधा. नाही तर जुलैत नाव सापडते, बूच सापडत नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चसारखी गारपीट झाली तर जुन्या फायबरला तडे जाऊ शकतात, तेव्हा उघड्यावर असेल तर वर जाड पोती टाकलेली बरी.

रबरी बोट आणि उंदीर

हिवाळ्यात वावरातलं पीक निघालं की उंदीर गावाकडे येतात. जिथे धान्याची पोती, तिथे उंदीर. रबरी बोट त्याच गोदामात ठेवली तर पुढे काय होतं ते सांगायला नको. ती साध्या साबणाच्या पाण्याने धुवा, सावलीत पूर्ण वाळवा, घड्यांमध्ये टाल्कम पावडर मारा. जागा असेल तर थोडी हवा भरूनच ठेवा. घडी करायची झाली तर सैल गुंडाळा आणि दोन महिन्यांनी उघडून दुसऱ्या ठिकाणी घडी पाडा, कारण एकाच रेषेवर रबर फाटतं. जमिनीवर न ठेवता बाजेवर ठेवा. टिनाच्या अगदी खाली नको, तिथे भट्टी असते. पेट्रोल, डिझेल आणि फवारणीच्या औषधांपासून तर लांबच.

मशीन : फवारणी पंपाचाच अनुभव

पेट्रोलचा फवारणी पंप टाकीत पेट्रोल ठेवून तसाच सोडला की पुढच्या हंगामात चालू होत नाही, हे शेतकऱ्याला माहीत आहे. बोटीच्या मशीनचंही तेच. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, ते पाणी तळाशी बसतं आणि कार्बोरेटर खराब होतो. म्हणून टाकी रिकामी करा आणि कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत मशीन चालवा. पण कोरडं चालवू नका. मशीनचा खालचा भाग पाण्याने भरलेल्या ड्रममध्ये बुडवूनच चालवायचं, नाही तर पाणी ओढणारी आतली रबरी चक्री काही मिनिटांत जळते.

त्या ड्रममध्ये कोणतं पाणी, हेही पाहायला हवं. पूर्णेच्या दोन्ही बाजूंना अमरावती, अकोला, बुलडाण्यात खारपाणपट्टा आहे. तिथल्या बोअरच्या पाण्याने मशीन धुतलं तर क्षार आतच वाळतात आणि सहा महिने धातू खात राहतात. नळयोजनेचं गोडं पाणी वापरा. दोन ड्रम पुरतात.

खालच्या गिअरचं ऑइल काढून पाहा. ते दुधासारखं पांढरट असेल तर आत पाणी गेलंय, सील बदलावं लागेल. प्लग काढून आत थोडं ऑइल सोडा, दोरी हळूच दोन-तीनदा ओढा आणि प्लग परत लावा. मशीन आडवं न टाकता स्टँडला उभं अडकवा.

जाकिटं, दोर, वल्ही

लाइफ जाकिटं बऱ्याचदा ओलीच पोत्यात भरली जातात. वाळवून, सावलीत टांगून ठेवा. आतला फोम दाबल्यावर परत फुगत नसेल किंवा चुरा होत असेल तर ते जाकीट मोजायचं नाही. नायलॉनचा दोर उन्हात राहिला की त्याची कूस निघते, तो ओढायला मजबूत वाटतो पण झटका बसला की तुटतो. वल्ही उभी टेकवून ठेवली तर वाकतात, आडवी ठेवा. आणि ती चुलीजवळ ठेवू नका, हे हसण्यावारी नेऊ नये.

आता प्रश्न उरतो हे करणार कोण. नाव ग्रामपंचायतीची असली की ती सगळ्यांची असते, म्हणजे कुणाचीच नसते. निदान एका माणसाच्या नावावर ती नोंदवावी, त्याला थोडं मानधन द्यावं आणि नाव कुठे ठेवली, किल्ली कुणाकडे, जाकिटं किती, हे फळ्यावर लिहून ठेवावं. सगळ्यात बरा माणूस गावातला भोई. त्याला नाव कळते. पण त्याला फक्त पुराच्या रात्री हाक मारायची अन् डांबराचे पैसे मात्र त्यानेच घालायचे, हे बरोबर नाही.

रोहिणी लागल्या की, म्हणजे २५ मेच्या सुमारास, नाव बाहेर काढून पाण्यात टाकून पाहावी. लाकडी नावेला ओली पोती टाकून आठ दिवस भिजत ठेवावं, फटी मिटायला तेवढा वेळ लागतो. मग ती रिकामी तासभर पाण्यावर ठेवून आत किती पाणी येतं ते पाहावं. गळती थांबत नसेल तर तहसील कार्यालयाला तेव्हाच लेखी कळवावं, म्हणजे मृग लागायच्या आत दुसरी सोय करता येते. पुराच्या वेळी मदतीसाठी जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक आहे.